काचेच्या आत बुरशी, उघडणारे कोपरे आणि फुटाचा हिशेब: घरच्या फ्रेमिंगच्या दुकानासाठी सल्ला हवा

डिचोलीची_चौकट:

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीला आमचे घरचे फ्रेमिंगचे दुकान आहे. सासरे काप घेतात, दीर काच आणि पाठ बघतात, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी) आणि हिशेब माझ्याकडे. निम्मे काम देवांच्या तसबिरींचे. बाकी लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, प्रमाणपत्रे आणि अधूनमधून कॅनव्हास.

साहित्य असे: १० इंची मायटर सॉ (तिरका काप घेणारी करवत), पायाचा अंडरपिनर (कोपऱ्यात खालून व्ही-नेल, म्हणजे V आकाराचा खिळा, मारणारे यंत्र), हाताचा माउंट कटर. काच २ मिमी साधी, पाठीला ३ मिमी हार्डबोर्ड, त्यावर खाकी कागद आणि ब्राउन टेप. दुकानात एसी नाही. मागे ८ बाय १० फुटांची एक खोली रिकामी आहे.

तीन अडचणी आहेत.

जून ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या तसबिरींत दिवाळीपर्यंत काचेच्या आतून पांढरट जाळी धरते आणि कागदावर तपकिरी ठिपके येतात. उन्हाळ्यात भरलेल्यांत हे फार कमी.

सागवानी ३ इंची पट्टीचे कोपरे जुलैत अगदी घट्ट बसतात, पण डिसेंबर-जानेवारीत आतल्या बाजूने फट दिसू लागते. बाहेरच्या टोकाला मात्र कोपरा जुळलेलाच असतो.

दर आम्ही काचेच्या घेराप्रमाणे, फुटावर लावतो. काम भरपूर असूनही वर्षाअखेर हातात काही उरत नाही.

गणेश चवथीच्या आधीचे तीन आठवडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असते आणि नेमका तेव्हाच पाऊस. काम थांबवणे शक्य नाही. नेमके कुठे चुकते?


बार्देसकार:

ताई, तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. ओल बाहेरून नंतर येत नाही, तुम्हीच ती भरताना आत बंद करता. जुलैत आपल्याकडे हवेतला दमटपणा दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांवर असतो. कागद, माउंट बोर्ड, हार्डबोर्ड सगळे ती ओल पिऊन बसलेले असतात. बुरशीला साधारण ७० टक्क्यांच्या वर दमटपणा मिळाला की पुरे. हार्डबोर्ड आणि ब्राउन टेपने मागची बाजू बंद केली की ती ओल बाहेर पडायला वाट नाही, आणि कागदावरची खळ हे बुरशीचे आयते जेवण.

रिकाम्या खोलीची ‘कोरडी खोली’ करा. हा खर्च पहिला, बाकी यंत्रे नंतर. ८ बाय १० च्या खोलीला दिवसाला १२ ते २० लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर पुरतो. पाण्याची नळी सरळ मोरीत सोडा, नाहीतर टाकी भरली की रात्री यंत्र बंद पडते आणि सकाळी खोली पुन्हा दमट. दाराच्या फटींना रबराची पट्टी लावा, खिडकी कायमची बंद करा, पंखा बाहेर हवा टाकणारा असेल तर तो बुजवा. दमटपणा ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा. ४० च्या खाली नेऊ नका, कागद वळतो आणि लाकडाला चिरा पडतात.

दमटपणा मोजायचा छोटा डिजिटल मापक घ्या, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखे करा, झाकण आणि मापक एका घट्ट झिपच्या पिशवीत १० ते १२ तास ठेवा. आतला दमटपणा ७५ टक्के व्हायला हवा. मापक ८१ दाखवत असेल तर ६ ने चुकतो, तेवढे वजा करून वाचायचे.

तसबिरीचा कागद, माउंट, पाठ, सगळे त्या खोलीत निदान २४ तास, शक्य तर ४८ तास सुटे पसरून ठेवा. गठ्ठा ठेवला तर मधले कागद सुकत नाहीत. मग त्याच खोलीत भरा आणि तिथेच बंद करा. बाहेरच्या टेबलावर आणून भरले की अर्धे काम वाया.

काच पाण्याने आणि वर्तमानपत्राने पुसायची सवय सोडा. कडेला राहिलेले पाणी माउंटमध्ये शिरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, काचेवर फवारू नका, आणि पुसल्यावर पाच मिनिटे उभी ठेवा. अ‍ॅक्रिलिकला मात्र अल्कोहोल किंवा अमोनियाचे क्लीनर लावू नका, बारीक तडे जातात. त्याला सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड.

आता बंद करण्याचा क्रम. काच, माउंट, चित्र, आम्लरहित मागचा बोर्ड आणि त्यामागे सनपॅक, म्हणजे पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट. हा सगळा थर एकत्र धरून चारी कडांना अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. समोरून काचेवर २-३ मिमी, फ्रेमच्या खाचेत लपेल एवढीच, आणि मागून सनपॅकवर १५ मिमी. मग ही पुडी फ्रेममध्ये बसवा. पॉइंट, म्हणजे पुडी मागून धरून ठेवणारे चपटे खिळे, दर ८-१० सेंमीला. हार्डबोर्ड ओल धरतो, आम्ल सोडतो आणि वाळवीला आवडतो. त्याला चित्राशेजारी जागाच देऊ नका. खाकी कागदाचा डिंक कसर खाते, पावसाळ्यात कागद ढिला होऊन फाटतो. पुडी नीट बंद असेल तर त्याची गरजच नाही.

चवथीच्या घाईवर उपाय कॅलेंडरात आहे. जास्त खपणारी मापे तुम्हाला माहीत असणार. ८ बाय १०, १० बाय १२, १२ बाय १८, १६ बाय २० अशा रिकाम्या फ्रेम एप्रिल-मेमध्ये जोडून ठेवा. त्याच मापांचे माउंट आणि सनपॅक कापून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, सिलिका जेलसह, बंद करून ठेवा. सिलिका जेल रंग बदलणारे घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. ऑगस्टमध्ये फक्त भरणे उरले पाहिजे.

काचेचाही साठा बघा. तक्ते एकमेकांना चिकटून उभे ठेवले आणि मध्ये ओल शिरली की धुऊन न जाणारे पांढरे डाग पडतात. दोन तक्त्यांमध्ये कागद, खाली लाकडी पट्ट्या, आणि पावसाळ्यात पेटी महिन्याभरात संपेल एवढीच मागवा.


सुतारकाम_फोंडा:

कोपऱ्याचे सांगतो. लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टी आकसली की ४५ अंशांचा काप ४५ राहत नाही, थोडा कमी होतो. बाहेरचे टोक जुळलेले राहते आणि आत फट पडते. फुगली की उलट, बाहेर फट. तुमची फट डिसेंबरात आणि आतून आहे, म्हणजे पट्टी ओली असताना जोडली हे नक्की. काप चुकलेला नाही.

पावसाळ्यात उघड्यावरच्या लाकडात १६-१८ टक्के ओल असते, कोरड्या हवेत ती ११-१२ वर येते. ३ इंची, म्हणजे ७५ मिमी सागवानी पट्टी तेवढ्यात अर्धा ते पाऊण मिमी आकसते. पाऊण इंची पट्टीत हीच हालचाल डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून रुंद पट्टीचे काम पावसाळ्यात घ्यायचे असेल तर पट्टी त्या कोरड्या खोलीत निदान दोन आठवडे, दर दोन फुटांवर आधार देऊन आडवी ठेवा. पिनवाला ओलमापक १२ च्या खाली दाखवेपर्यंत कापू नका. गिऱ्हाइकाला घाई असेल तर अरुंद पट्टी दाखवा.

काप बरोबर आहे का हे गुण्याने बघू नका. एकाच मापाचे चार तुकडे कापा, तीन कोपरे जुळवा, चौथा बघा. आठही कापांची चूक तिथे एकत्र दिसते. कापात फक्त ०.१ अंशाची चूक असली तर चौथ्यावर ०.८ अंश. ब्लेड १० इंचाला ८० दातांचे हवे. ते बोथट झाले की सागाला करपट डाग आणि फायबरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीला वितळलेली कड येते. समोरासमोरच्या बाजू समान असणे कोनाइतकेच महत्त्वाचे. अर्ध्या मिमीचा फरक असला तरी एक कोपरा उघडा राहतो. पेन्सिलची खूण करून कापू नका, करवतीच्या कुंपणाला (पट्टी टेकवायच्या उभ्या आधाराला) ठोकळा आवळा आणि दोन्ही तुकडे त्याला टेकवून कापा.

तिरक्या कापात लाकडाच्या उघड्या नळ्या डिंक पिऊन घेतात. आधी पातळ हात द्या, पाच मिनिटे थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. डिंक पाण्याला टिकणारा घ्या. पट्ट्याच्या क्लॅम्पमध्ये निदान तासभर, सागाला रात्रभर. सागाला स्वतःचे तेल असते, म्हणून कापल्यावर लगेच, त्याच दिवशी जोडा. उशीर झाला तर कापावर थिनरचे कापड फिरवा आणि सुकू द्या.

व्ही-नेल पट्टीच्या जाडीच्या दोन तृतीयांश उंचीची हवी. वर निदान ३ मिमी लाकूड राहू द्या, नाहीतर पुढून फुगवटा येतो. आतल्या कडेपासून ६ मिमी सोडून पहिली, मग बाहेरच्या बाजूला दुसरी. अगदी टोकाला मारली तर टोक फाटते. आणि ३ इंची पट्टीला नुसती व्ही-नेल पुरत नाही. जोड पूर्ण सुकल्यावर बाहेरच्या कोपऱ्यात आडवी ३ मिमी चीर पाडून तीत तेवढ्याच जाडीची लाकडी चीप डिंकात बसवा आणि घासून सपाट करा. चिपेच्या लाकडाची नस कोपऱ्याला आडवी आली पाहिजे, समांतर आली तर ती पहिल्याच धक्क्याला मोडते.

फायबर पट्टीला पांढरा डिंक धरत नाही. तिला सुपर ग्लूचा जाडसर प्रकार आणि व्ही-नेल. ती ओल पीत नाही, वाळवी लागत नाही, म्हणून पावसाळी कामाला उत्तम. पण ती पॉलिस्टायरीन आहे, पेट लवकर घेते. देवघरात निरांजन किंवा समई जवळ असेल तिथे देऊ नका. हे गिऱ्हाइकाला विचारायचेच.


डिचोलीची_चौकट:

खूप आभार. कोपऱ्याचे कारण इतके स्वच्छ कुणी सांगितले नव्हते. आणखी दोन प्रश्न. तसबिरींना लोक काचेवरच गंध लावतात, ओला हार घालतात. खालच्या कडेने पाणी आत जाते असे वाटते. तिथे काय करावे? आणि जुने फोटो काचेला चिकटलेले येतात, ते सोडवायचे कसे?


कागद_आणि_शाई:

चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, ताई. हे उत्तर गिऱ्हाइकाला आवडत नाही, पण तेच खरे आहे. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. ओलीने तो मऊ होऊन काचेला चिकटतो आणि सुकताना घट्ट धरतो. सुरी, दोरा, वाफ, फ्रिज यातले काहीही केले की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकटच स्कॅन करा किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे ठेवून कॅमेऱ्याने फोटो घ्या. नवी प्रत छापून ती फ्रेम करा. मूळ फोटो काचेसह, मागे आम्लरहित बोर्ड लावून परत द्या. मूळच वाचवायचे असेल तर काम संवर्धकाचे, म्हणजे जुनी चित्रे-फोटो जतन करणाऱ्या जाणकाराचे.

पुढे हे होऊ नये म्हणून कुठलाही फोटो, जलरंग किंवा प्रिंट काचेला टेकता कामा नये. माउंट बोर्ड १.४ मिमीचा असतो, साध्या आकाराला तेवढे अंतर पुरते. १६ बाय २० च्या वर दुहेरी माउंट द्या. माउंट नको असेल तर खाचेत काचेखाली ३ ते ५ मिमीची प्लास्टिकची अंतरपट्टी लावा. देवांच्या छापील तसबिरी आपण सवयीने काचेला चिकटवूनच भरतो. बुरशीची जाळी सगळ्यात जास्त तिथेच सापडेल.

माउंटची खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी लहान. चित्र माउंटला चारी बाजूंनी टेपने आवळू नका. पावसाळ्यात कागद फुगतो आणि त्याला जागा मिळाली नाही की मध्ये लाटा येतात. वरच्या कडेला दोनच बिजागऱ्या, पातळ जपानी कागदाच्या, गव्हाच्या खळीने. बाकी तीन बाजू मोकळ्या. मास्किंग टेप आणि सेलोटेप नको. त्यांचा गोंद कागदात उतरतो, पिवळा डाग कायमचा. खळ ताजी शिजवा, उरलेली टाकून द्या, आणि बिजागरी वजनाखाली पूर्ण सुकेपर्यंत पुडी बंद करू नका.

‘आम्लरहित’ असे छापलेल्या बोर्डची खात्री करून घ्या. पीएच पेनाने कडेला रेघ ओढा, जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर तो बोर्ड फक्त कॅलेंडरांना वापरा. आम्ल असलेल्या माउंटची तिरकी कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तीच रेघ चित्रावर उमटते.

गंध आणि हार. वर सांगितलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावलेली पुडी असेल तर पाणी चित्रापर्यंत जात नाही, फ्रेमच्या खाचेत साचते. तेही नको असेल तर समोरून खालच्या कडेला काच आणि फ्रेमची पट्टी यांच्या फटीत न्यूट्रल सिलिकॉनची अगदी बारीक रेघ द्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नका, त्यातले आम्ल कागदाला आणि सोनेरी वर्खाला त्रास देते. चारी बाजूंना सिलिकॉन नको, पुढे काच बदलायची झाली तर फ्रेम फोडावी लागते. हारासाठी फ्रेमच्या मागे वर दोन पितळी आकडे लावून द्या, म्हणजे हार काचेपासून बोटभर पुढे राहतो आणि ओल्या फुलांचे पाणी सरळ खाली पडते. आकडे लाकडी पट्टीतच. फायबर पट्टीत स्क्रू ढिला होतो.


पट्टीफूट_म्हापसा:

तिसऱ्या अडचणीवर कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. काचेच्या घेरावर दर लावणे हेच नुकसानीचे मूळ. कोपऱ्यात पट्टीची रुंदी दोनदा जाते, चार कोपऱ्यांत आठ वेळा. म्हणून:

लागणारी पट्टी = काचेचा घेर + ८ × पट्टीची रुंदी

काच १६ बाय २० इंच, पट्टी दीड इंची. घेर ७२ इंच, म्हणजे ६ फूट. वर ८ × १.५ = १२ इंच. एकूण ८४ इंच, ७ फूट. ब्लेडच्या जाडीचे आठ काप मिळून आणखी इंचभर. तुम्ही पैसे घेता ६ फुटांचे, पट्टी देता ७ फूट १ इंच. दर फ्रेमला एक फूट फुकट. ३ इंची सागवानाला दोन फूट! (खाचेत काचेवर येणारा भाग आणि ३ मिमीची मोकळीक धरली तर आकडा थोडा कमी भरतो, पण ती बचत वेड्यावाकड्या टोकांत जाते. हिशेबाला सूत्र असेच ठेवा.)

पुढे उरलेला तुकडा. साडेनऊ फुटांच्या, म्हणजे ११४ इंचांच्या कांबीतून ८५ इंच गेले की २९ उरतात. दीड इंची पट्टीत त्यातून ४ बाय ४ च्या पुढे काही निघत नाही. तीच पट्टी पाऊण इंची असती तर ७२ + ६ + १ = ७९ गेले, ३५ उरले, त्यात ५ बाय ७ ची फ्रेम आरामात बसते: २४ + ६ + १ = ३१. म्हणून रुंद पट्टीवर वाया जाण्याचे २० ते २५ टक्के धरा, अरुंदवर १० ते १५. रोज न लागणारी पट्टी कुणी मागितली तर पूर्ण कांबीचे पैसे घ्या आणि तसे आधी सांगा.

उरलेले तुकडे लांबीप्रमाणे लावा आणि प्रत्येकाच्या टोकाला इंच लिहा. ढीग केला की कुणी शोधत नाही. पावसाळ्याआधी त्यांच्या ४ बाय ६ आणि ५ बाय ७ फ्रेम करून दारात मांडा.

आता मजुरी. घरच्या दुकानात घरच्यांचा पगार कुणी धरत नाही, म्हणून सगळा धंदा फायद्यात दिसतो आणि हातात काही नसते. तुम्ही तिघे आहात. तुमच्याऐवजी बाहेरची माणसे ठेवली तर काय द्यावे लागेल, तो आकडा लिहा. उदाहरणाला भाडे, वीज, ब्लेड धार आणि किरकोळ मिळून ३० हजार, तिघांचे मिळून ४८ हजार धरू. महिन्याला ७८ हजार. आता प्रत्यक्ष कामाचे तास. दुकान दहा तास उघडे असले तरी गिऱ्हाईक, चहा, आणणे-पोचवणे यांत वेळ जातो. तिघांचे मिळून रोज १० तास खरे काम, २६ दिवस, २६० तास. ७८,००० भागिले २६० = ३०० रुपये तास. ही रक्कम धरलेली आहे, तुमचे आकडे घाला, रीत तीच.

१६ बाय २० ला माउंटसह वेळ लावा. काप आणि जोड १५ मिनिटे, माउंट १०, काच ५, पुडी करून बंद करणे २०, आकडे आणि वायर ५, गिऱ्हाइकाशी पट्टी निवडणे १५. एकूण ७० मिनिटे, ३५० रुपये. यातली निवडीची १५ मिनिटे सगळेच विसरतात.

साहित्य (वाया धरून) + मजुरी + परत येणाऱ्या कामांसाठी ५ टक्के, आणि त्यावर नफा. एकदा हे मापांच्या तक्त्यात भरून ठेवा. फळ्यावर पट्टीच्या रुंदीप्रमाणे तीन रकाने, खाली मापे. गिऱ्हाइकापुढे फूटपट्टी घेऊन गुणाकार केला की घासाघीस सुरू होते, तक्ता दाखवला की होत नाही.

बार्देसकारांनी सांगितलेली बंद पुडी वेगळा दर लावून विका. ‘साधे भरणे’ आणि ‘पावसाळी भरणे’ असे दोन रकाने. एक जुनी काढलेली हार्डबोर्डची पाठ आणि एक नवी पुडी काउंटरवर ठेवा, लोकांना मागची बाजू कधी दिसतच नाही. फक्त मूळ चित्र, जुना फोटो आणि हाताने केलेले भरतकाम यांना साधे भरणे देऊच नका, मागितले तरी.

पावती दोन प्रतींत. पुढून-मागून मोबाईलवर फोटो घेऊनच काम स्वीकारा, आधीचा डाग किंवा फाटलेला कोपरा नंतर तुमच्या माथी येतो. निम्मे पैसे आगाऊ. चवथीच्या कामांना स्वीकारण्याची शेवटची तारीख दारावर, दहा दिवस आधीची.


काच_मडगाव:

बंद पुडीबद्दल एक विरोधी मत. कोरडी खोली तयार होईपर्यंत पुडी बंद करू नका. ओला कागद अ‍ॅल्युमिनियमने बंद करणे हार्डबोर्डपेक्षा वाईट, कारण आता ओल कुठूनच जाणार नाही. तोपर्यंत सनपॅक लावा, कडा उघड्या ठेवा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद करायला फ्रेम परत मागवा. हे पावतीवर लिहा.

बाकी भिंतीचे. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती पावसाळाभर पाणी धरून असतात, आणि पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर किंमतीची तसबीर नको, आतल्या भिंतीवर लावायला सांगा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना ६ मिमीचे रबरी बटण चिकटवा, हवा खेळते. दोन रुपयांचे काम, आणि नव्वद टक्के फ्रेमना ते नसते.

वजन काढायला शिका. काच दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. २४ बाय ३६ इंच म्हणजे ०.५६ चौरस मीटर, २ मिमी काच २.८ किलो, ३ मिमी ४.२. एवढ्या मापाला २ मिमी काच वाकते आणि नेताना फुटते, ३ मिमी द्या किंवा अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकचे वजन निम्म्याहून कमी, पण ते ओल पिऊन वाढते. खाचेत मीटरला ४ मिमी मोकळीक हवी, नाहीतर पावसाळ्यात पोट काढते. आणि चारकोल किंवा पेस्टल असेल तर अ‍ॅक्रिलिक नकोच, स्थिर विजेने भुकटी ओढून घेते.

टांगायची डी-कडी (D आकाराची कडी) फ्रेमच्या मागे, वरून एक तृतीयांशावर. वायर सैल ठेवा. वायर आडव्याशी ३० अंश असेल तर दोन्ही बाजूंना फ्रेमच्या वजनाएवढा ताण येतो, १५ अंश असेल तर जवळजवळ दुप्पट. आवळून ताठ केलेली वायरच तुटते. ५ किलोच्या वर वायर नको, दोन कड्या दोन आकड्यांवर सरळ. चिऱ्यावरचा जुना चुन्याचा गिलावा इंचभर जाड आणि भुसभुशीत असतो, त्यात अडकलेला खिळा काही दिवसांत निघतो. ८ मिमी ड्रिल, गिलावा ओलांडून चिऱ्यात ४० मिमी, मग प्लग. किनाऱ्याजवळच्या घरांत स्क्रू, कडी, वायर सगळे ३०४ स्टेनलेस किंवा पितळी. साध्या झिंकच्या कडीचा गंज दोन पावसाळ्यांत भिंतीवर ओघळतो.

कॅनव्हासचे एकच. जुलैत ढिला दिसला म्हणून मागच्या पाचरी ठोकू नका. तेव्हा आवळलेला कॅनव्हास डिसेंबरात सुकून ताणतो आणि रंगाला चिरा जातात. गिऱ्हाइकाला थांबायला सांगा, पाऊस गेल्यावर महिन्याने बघा. बऱ्याचदा तो आपोआप बसलेला असतो.


डिचोलीची_चौकट:

उद्यापासून मीठ आणि मापक. डीह्युमिडिफायर येईपर्यंत कडा उघड्या ठेवते आणि पावतीवर ‘नोव्हेंबरात बंद करून मिळेल’ असा शिक्का करून घेते. ७ फूट १ इंचाचा हिशेब सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी लगेच मागच्या महिन्याची पावतीपुस्तके काढली आहेत.